गायतोंडे बघायचे कसे?

सातारा जिल्ह्यात चित्रं बघायची म्हटली की पाय आपोआप औंधकडे वळतात. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं श्रीभवानी चित्रसंग्रहालय आहे. शाळांच्या सहली तिथं येतात आणि पोरं राजा रविवर्म्याच्या चित्रांपुढं हमखास रेंगाळतात. जरीचा काठ, गळ्यातला मोती, दंडावर पडलेला उजेड, सगळं हात लावून बघावं इतकं खरं. ‘अगदी हुबेहूब!’ ही तिथली सगळ्यात मोठी शाबासकी. त्याच संग्रहालयात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ‘माता आणि मूल’ हे शिल्पही आहे. त्याच्यापुढं मात्र गर्दी नसते. आई आहे, मूल आहे हे कळतं, पण मूरनं बारकावे गाळून टाकलेत. उरलाय तो दोन आकारांमधला जवळपणा. औंधसारख्या छोट्या संस्थानाच्या राजानं रविवर्मा आणि मूर या दोघांना एका छपराखाली आणलं, याचं मला दरवेळी नव्यानं नवल वाटतं. बाळासाहेब स्वतः चित्रं काढायचे, तेव्हा नजर होतीच. पण एवढी मोकळी नजर आजही फार ठिकाणी दिसत नाही.

आता मूरच्या पुढं एक पायरी जाऊ. आई काढून टाका, मूलही काढून टाका. ओळखता येईल असं काहीच ठेवू नका. उरेल तो नुसता रंग, उजेड, जडपणा, पोकळी. एवढ्यावर चित्र उभं राहतं का? वासुदेव संतू गायतोंडे नावाच्या मराठी बोलणाऱ्या चित्रकारानं आयुष्यातला बराच काळ हेच केलं, आणि आज भारतातल्या सर्वांत महागड्या चित्रकारांत त्यांचं नाव घेतात. किमतीचं पुढं येईलच. पण बातमी वाचून लोक मोबाइलवर ते चित्र शोधतात, पिवळसर किंवा करडा चौकोन बघतात आणि विचारतात, ‘सर, हे आहे कशाचं?’ मी चित्रकला शिकवतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. उत्तर चहाच्या कपाएवढ्या वेळात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी या प्रश्नाचंच बघू. ‘कशाचं’ हा प्रश्न आपल्याला शाळेनं शिकवला. शासकीय रेखाकला परीक्षेत, म्हणजे आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटमध्ये, पुढ्यात तांब्या आणि पेरू ठेवतात आणि तो तसाच्या तसा उतरवायचा असतो. स्मरणचित्रात जत्रा काढा, बाजार काढा. दोन्हीकडे परीक्षक बघतो ते साम्य. पण त्याच परीक्षेत आणखी एक पेपर असतो, संकल्पचित्राचा. एका चौकोनात किंवा वर्तुळात आकार मांडायचे, रंगसंगती सांभाळायची, एक बाजू जड होऊ द्यायची नाही, डोळा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरता ठेवायचा. तिथं कुठलाही परीक्षक ‘ही नक्षी कशाची?’ असं विचारत नाही. तोल आहे का, लय आहे का, रंग एकमेकांना मारतात की उठवतात, एवढंच बघतो. म्हणजे महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी वस्तूशिवायचं चित्र एकदा तरी काढलेलं आहे आणि त्याचे गुणही मिळवलेले आहेत. अमूर्त चित्र हे काही पॅरिसहून आलेलं भूत नव्हे. फरक इतकाच की नक्षी सजावटीसाठी असते आणि ठराविक आकार पुन्हा पुन्हा येतात. गायतोंडेंकडे पुनरावृत्ती नाही, आणि हेतू सजावटीचाही नाही.

युरोपात हे वळण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं. १८३९ साली कॅमेरा लोकांसमोर आला आणि ‘हुबेहूब’ची मक्तेदारी चित्रकाराच्या हातून हळूहळू सुटत गेली, हे एकमेव कारण नव्हे, पण मोठं कारण. स्वीडनमधल्या हिल्मा आफ क्लिंट या बाईनं १९०६ पासून वस्तूरहित चित्रं काढली आणि आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं ती कुणाला दाखवू नका असं सांगून ठेवलं. त्यामुळे बराच काळ पहिलेपणाचा मान रशियन चित्रकार कांदिन्स्कीकडेच राहिला. १९१५ साली मालेविचनं पांढऱ्यावर काळा चौकोन रंगवून प्रदर्शनात लावला. मॉन्द्रियाननं झाड काढता काढता त्याच्या फांद्यांच्या नुसत्या आडव्या-उभ्या रेघा करून टाकल्या. इतकी पार्श्वभूमी पुरे. आपल्याला गिरगावात जायचंय.

गायतोंडेंचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा, नागपूरचा. घराणं मूळ गोव्याचं. वाढले मुंबईत, गिरगावातल्या चाळीत. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली पदविका घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला होता. ब्रिटिश पद्धतीची कॉलेजी चित्रकला नको आणि जुन्या भारतीय शैलीची गोड नक्कलही नको, अशी त्यांची भूमिका. १९५० साली त्यांनी गायतोंडेंना आत बोलावलं. गंमत अशी की तोवर सूझा लंडनला गेले होते आणि त्याच वर्षी रझांनीही पॅरिस गाठलं. घर पांगायला लागलं तेव्हा हे दार उघडून आत आले. त्यामुळे त्यांना नुसतं ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणून मोजणं मला पटत नाही. ते कुठल्याच गटात फार मावले नाहीत. मित्र मोजके, मुलाखती मोजक्या, लग्न केलं नाही, नोकरीत रमले नाहीत.

त्यांची पहिली चित्रं बघितलीत तर ‘कशाचं’ हा प्रश्न पडणारच नाही. त्यांत माणसं आहेत, बायका आहेत. भारतीय लघुचित्रांसारखे सपाट, धीट रंग आणि ठाम रेघ आहे. मग त्यांना पॉल क्ले हा स्विस-जर्मन चित्रकार सापडला. क्लेची रेघ वस्तूची बाहेरची कड गिरवत बसत नाही, स्वतःच फिरायला निघते. गायतोंडेंच्या चित्रांतली माणसं १९५० नंतरच्या दशकात हळूहळू आकार झाली, आकार एकमेकांपासून सुटून तरंगायला लागले, आणि दशक संपता संपता ओळखीचं असं काहीच उरलं नाही. १९५७ साली टोकियोतल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळालं ते या मधल्या काळात. हे सगळं सावकाश घडलेलं आहे, हे मी मुद्दाम सांगतो. ‘काढता येत नव्हतं म्हणून असलं काढलं’ ही शंका त्यांची सुरुवातीची चित्रं बघितली की फार वेळ टिकत नाही.

मुंबईत वॉर्डन रोडवर समुद्राकाठी भुलाभाई देसाई यांच्या नावाची एक संस्था होती. चित्रकारांना तिथं काम करायला जागा मिळायची. एका खोलीत हुसेन, एकीकडं रविशंकरांची संगीताची शिकवणी, एकीकडं अल्काझींच्या नाटकाच्या तालमी, आणि एका खोलीत गायतोंडे. दूर दिल्लीतल्या निझामुद्दीनला जाण्याआधीचे त्यांचे महत्त्वाचे दिवस इथले. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी जी आधुनिक चित्रं जमवली, त्यांत गायतोंडेही आहेत. म्हणजे हे चित्र कळायला अणुशास्त्र लागतं असं नाही. भाभांना चित्रांची आवड होती एवढंच.

१९६४ साली रॉकफेलर फंडाची शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कला गेले. यावरून एक सोपी गोष्ट रचली जाते: अमेरिकेत मार्क रॉथको या चित्रकाराची चित्रं बघितली आणि परत येऊन तसंच काढायला लागले, म्हणून हे ‘भारताचे रॉथको’. मला हे बिरूद आवडत नाही, आणि सालंही त्याच्या आड येतात. वस्तू सोडून देण्याचं काम ते मुंबईत, १९५९ च्या सुमारासच करून बसले होते. त्यांचं १९६२ चं चित्र तर न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. अमेरिकेत त्यांनी मोठाले कॅनव्हास बघितले, धीर वाढला असेल, हे मान्य. पण दोघांची चित्रं शेजारी ठेवलीत तर रॉथकोचा रंग मोठ्या आयतांमध्ये दाटून तुमच्या अंगावर येतो. गायतोंडेंचा रंग मागं सरतो, आणि त्याच्यावर कुठं कुठं काहीतरी उमटून राहतं.

ते ‘काहीतरी’ कसं उमटतं? इथं थोडं थांबू, कारण माझ्या मते गायतोंडे कळण्याचा रस्ता इथूनच जातो. चित्रात काय लपलंय हे शोधण्यापेक्षा ते चित्र कसं घडत गेलं याचा माग काढायचा.

कुंचला त्यांनी जवळजवळ बाजूला ठेवला. साधनं म्हणजे पॅलेट नाइफ, रोलर आणि कागदाचे फाडलेले तुकडे. पॅलेट नाइफ हा रंग कालवायचा पातळ पात्याचा सुरा. त्यानं रंग लावता येतो तसा खरवडून काढताही येतो. रोलरचं काम वेगळं. कुंचल्यानं रंग दिला की केसांच्या रेषा उमटतात, हात कुठून कुठं गेला ते दिसतं, चित्रकाराची लहर दिसते. रोलरनं रंग एकसारखा, पातळ बसतो आणि हाताची खूण पुसली जाते. गायतोंडेंना तेच हवं होतं. मग वर्तमानपत्राचे, मासिकांचे फाडलेले तुकडे. रंगाचा कागद कॅनव्हासवर दाबायचा आणि उचलायचा, किंवा ओल्या रंगावर कागद ठेवून तो उचलताना रंगही उचलून घ्यायचा. मागं जो ठसा राहतो त्याची कड कधीच सरळ नसते. त्यांच्या १९७० नंतरच्या चित्रांत कुठल्यातरी विसरलेल्या लिपीतली अक्षरं वाटावीत असे आकार दिसतात, त्यांतले बरेच असे उचललेल्या रंगाचे आहेत. ती अक्षरं वाचायला जाऊ नका, वाचण्यासारखं तिथं काही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, वेळ. तैलरंग पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. पातळ थरालाही काही दिवस लागतात, जाड थराला कितीतरी जास्त. गायतोंडे एक पातळ थर द्यायचे, थांबायचे, त्यावर दुसरा, मधेच काही खरवडायचे, पुन्हा थांबायचे. आणि हे थांबणं म्हणजे नुसतं वाळण्याची वाट बघणं नव्हे. चित्रासमोर तासन्‌तास बसून राहणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. वर्षाला पाच-सहा कॅनव्हास, याच्या पुढं ते फारसे गेले नाहीत.

या थरांनी होतं काय? वरचा थर पातळ असला की उजेड त्यातून आत जातो, खालच्या रंगावर आदळतो आणि त्या रंगाचा अंश घेऊन बाहेर येतो. त्यामुळे चित्र आतून उजळल्यासारखं दिसतं आणि पिवळ्यात हिरवट, करड्यात तांबूस असं काहीतरी सरकत राहतं. साताऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती आठवा. दर दिवाळीला चुन्याचा हात फिरलेला. कधी नीळ घातलेला, कधी पिवडी घातलेला. पोपडा उडाला की खालची सालं एकेक करून दिसतात. त्या भिंतीचा रंग कोणता, असं विचारलं तर एका शब्दात सांगता येत नाही. भिंतीचं ते आपोआप होतं, गायतोंडेंनी ते निर्णय घेऊन घेऊन केलं. कुठला थर किती दिसू द्यायचा आणि कुठं झाकायचा, हेच त्यांचं चित्र.

‘असलं तर माझा पोरगाही काढेल’ असं कुणी म्हटलं की मी वाद घालत नाही, रोलर देतो. वर्गात एकदा मुलांना हार्डवेअरच्या दुकानातले छोटे रोलर, पोस्टर कलर आणि जुनी वर्तमानपत्रं दिली आणि म्हटलं, फक्त थर द्या, कागद दाबा, उचला. पहिली दहा मिनिटं वर्ग खूश. मग एकेकाचा कागद चिखलासारखा तपकिरी व्हायला लागला. कारण सरळ आहे. लालावर हिरवा, निळ्यावर नारिंगी असे विरोधी रंग ओले असताना एकमेकांत मिसळले की एकमेकांचं तेज खातात आणि उरतो तो तपकिरी-करडा. खालचा थर वाळू दिला तर ते शेजारी राहतात, एकमेकांना उठवतात. म्हणजे धीर ही इथं फक्त स्वभावाची गोष्ट नाही, तंत्राची आहे. एका मुलीनं मात्र पहिला थर देऊन कागद उन्हात खिडकीत ठेवला आणि डबा खायला गेली. तिचं चित्र वर्गात सगळ्यात उजळ होतं. हे सांगायची गरज नाही की ती गायतोंडे झाली नाही. पण थांबण्याचा अर्थ तिला माझ्या भाषणाशिवाय कळला.

नंतर मी मुलांना त्यांच्या एका चित्राची छापील प्रत दाखवली, आडव्या कॅनव्हासची. एक म्हणाला, यवतेश्वरच्या घाटातलं धुकं. दुसरा म्हणाला, कोयनेचं पाणी, बामणोलीकडचं. मुंबईचा माणूस समुद्र म्हणतो. १९६० नंतरची त्यांची आडवी चित्रं अशी आठवण करून देतातच, कारण आडव्या चौकटीत आडवी फट दिसली की माणसाचा डोळा तिथं क्षितिज टाकतो. असं वाटणं चुकीचं नाही. फक्त तिथं थांबू नये. धुकं म्हटलं आणि पुढं गेलो तर चित्र बघायचं राहून जातं. १९६८ च्या सुमारास गायतोंडे बहुतेक उभ्या कॅनव्हासवर आले. उभ्या चौकटीत क्षितिज टिकत नाही. डोळा वरून खाली जातो, अडखळतो, परत वर येतो. मला तर वाटतं, आपण क्षितिज शोधतो हे त्यांना पुरतं ठाऊक होतं आणि त्यांनी ती वाट बंद केली. चित्रांना नावं देणंही त्यांनी टाळलं. बहुतेक चित्रं शीर्षकाविना आहेत. ‘संध्याकाळ’ असं नाव दिलं असतं तर आपण सगळे सुटलो असतो. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणंही त्यांना मान्य नव्हतं. अमूर्त म्हणजे आधी मूर्त वस्तू होती, तिचा अर्क काढला, असं होतं. त्यांच्या चित्राची सुरुवातच वस्तूपासून होत नव्हती.

आता अध्यात्माचं. गायतोंडेंवर लिहिलेलं वाचलंत तर झेन (बौद्ध ध्यानपंथ), रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती, निसर्गदत्त महाराज ही नावं येतील. ती खरी आहेत. झेनचं वाचन १९५९ च्या आसपास सुरू झालं आणि त्यांनी ते मनापासून घेतलं. निसर्गदत्त महाराज तर गिरगावाला लागून खेतवाडीत राहायचे. विडीचं दुकान चालवणारा हा माणूस घराच्या माळ्यावर बसून लोकांशी बोलायचा. पण या नावांचा एक तोटा होतो. चित्र न बघताच लोक ‘शून्य’, ‘मौन’, ‘ब्रह्म’ असले शब्द बोलायला लागतात. शब्द मोठे असले की बघायचे कष्ट वाचतात. झेनचा त्यांच्या चित्राशी संबंध असेल तर तो मला फार साध्या ठिकाणी दिसतो. आधी ठरवून आकृती काढायची नाही, रंगाला त्याचं करू द्यायचं, नेमक्या क्षणी हात घालायचा आणि मग हात काढूनही घ्यायचा. हे शेवटचं सगळ्यात अवघड. कधी थांबायचं हे न कळल्यामुळे चांगलं चाललेलं चित्र बिघडवणारे चित्रकार मी कितीतरी बघितलेत.

१९७१ साली पद्मश्री मिळाली. त्याच सुमारास ते दिल्लीला गेले आणि निझामुद्दीन ईस्टमधल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहायला लागले. तिथंच राहायचं, तिथंच रंगवायचं. १९८४ साली रिक्षाच्या अपघातात मानेला आणि पाठीला मोठी दुखापत झाली. मोठा कॅनव्हास, रोलर, खरवडणं या सगळ्याला शरीर लागतं. काही वर्षं ते जमेना, तेव्हा त्यांनी कागदावर शाईनं छोटी रेखाचित्रं काढली. मला ही रेखाचित्रं फार आवडतात, आणि त्यांच्याकडे लक्ष कमी जातं याचं वाईटही वाटतं. थर नाहीत, रंग नाही, लपायला जागा नाही. पांढऱ्या कागदावर शाईच्या काही खुणा, आणि त्या जिथं आहेत तिथंच का आहेत हे सांगता येत नाही, पण एक जरी बोटभर सरकवली तर कागद कलंडेल असं वाटतं. संकल्पचित्राच्या पेपरात मुलांना जो ‘तोल’ समजावताना माझा घसा बसतो, तो इथं चार फटकाऱ्यांत आहे. पुढं ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. त्या शेवटच्या चित्रांत आणखी कमी मजकूर आणि आणखी जास्त उजेड आहे. १९८९ मध्ये मध्य प्रदेश सरकारचा कालिदास सन्मान मिळाला. २००१ च्या ऑगस्टमध्ये ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांत फार मोठी बातमी झाली नाही.

गाजावाजा नंतर झाला. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. ते संधिनी पोद्दार यांनी सिद्ध केलं होतं, आणि त्याच्या नावातच चित्र ही एक प्रक्रिया आहे असं म्हटलेलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०१३ मध्ये, क्रिस्टीजनं मुंबईत केलेल्या पहिल्या लिलावात त्यांचं १९७९ चं चित्र २३.७ कोटींना गेलं. २०१५ मध्ये आणखी एक २९.३ कोटींना. २०२१ मध्ये ४० कोटींच्या आसपास, आणि २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६७ कोटींच्याही वर.

‘इतके पैसे कशाचे?’ रंगाचे आणि कापडाचे नाहीत हे उघड आहे. मुख्य कारण बाजाराचं आहे. वर्षाला पाच-सहा चित्रं करणाऱ्या माणसाची आयुष्यभराची चित्रं ती किती असणार, आणि त्यांतली बरीच संग्रहालयांत अडकलेली. उरलेल्यांतलं एखादं विक्रीला आलं की भारतातले उद्योगपती आणि परदेशातले भारतीय एकदम उभे राहतात. त्यात कायद्याची एक बाजू आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली काही चित्रकारांची कामं राष्ट्रीय कलानिधी ठरवली आहेत. रविवर्मा त्यांत आहे, अमृता शेरगिल आहे. त्यांची भारतातली चित्रं विकून देशाबाहेर नेता येत नाहीत. गायतोंडे त्या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांच्या चित्राला जगभरचा ग्राहक मिळतो. किंमत हा त्यांच्या मोठेपणाचा पुरावा समजू नका आणि फसवणुकीचाही समजू नका. ती लिलावाच्या खोलीतल्या दोन हट्टी माणसांची गोष्ट असते. आणि हे पैसे एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जातात; बरसातीतल्या चित्रकाराच्या वाट्याला त्यातलं काही आलेलं नव्हतं.

बघायचं कुठं? मोबाइलवर नको, हे एव्हाना लक्षात आलं असेल. पडद्यावर थर सपाट होतात आणि आतून येणारा उजेड नाहीसा होतो. रविवर्मा पडद्यावर निम्मा तरी कळतो, गायतोंडे जवळजवळ कळतच नाहीत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यात त्यांची चित्रं आहेत. दिल्लीला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातही आहेत. मात्र संग्रहात असलेलं प्रत्येक चित्र भिंतीवर असतंच असं नाही, मांडणी बदलत असते. म्हणून साताऱ्याहून पहाटेची गाडी पकडायच्या आधी फोन करून विचारा.

समोर गेल्यावर आधी चार-पाच पावलं लांब उभं राहा. डोळा कुठं जातो ते बघा. कुठला भाग जड आहे, खाली बसतोय की तरंगतोय. घाई वाटली तरी उभे राहा, कारण या चित्रांतले जवळजवळ सारखे दिसणारे रंग वेगळे व्हायला डोळ्याला थोडा वेळ लागतो. मग जवळ जा आणि माग काढायला लागा. कुठला ठसा वर आहे, कुठला खाली? कागद कुठं दाबला, कुठून उचलला? कुठं सुरा फिरला? चौकटीजवळच्या कडा नक्की बघा, तिथं कधी कधी खालचा रंग डोकावतो. मग पुन्हा मागं या. एकाच चित्राला अर्धा तास दिलात तरी चालेल, बाकीचं दालन पळून जात नाही. फार जवळ गेलात तर रखवालदार हटकतो. हात पाठीमागं बांधून वाकलात तर सहसा काही म्हणत नाही.